तिसरं पाणी

"हात काढ ताटातून! काढ म्हणते ना... मेलेल्याचा वास मारतोय तुझ्या हाताला!"

ही माझी बहीण रुसुल. आज दुपारी जेवताना. आम्ही सगळे एकाच मोठ्या ताटाभोवती बसलो होतो. भात आणि वर तळलेला मासा. मी हात घातला आणि ही किंचाळली.

"तुझ्या तोंडाला मारतोय वास!"

"आई, बघ ना गं! सगळा भात नासवला यानं."

आईने नाकाला ओढणी लावली आणि हळूच ताट माझ्यापासून लांब ओढलं.

तेच जास्त लागलं.

मी उठलो, दार आपटलं, आणि आता जिन्यात बसून हे लिहितोय. डाव्या हाताने. उजव्या हाताला काय झालंय तेच सांगायचंय.

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी शाळा अर्ध्यात सोडलेला पोरगा आहे, निबंधात कायम नापास. रचून सांगायला मला येतच नाही.

अकरा दिवस झाले. मंगळवार होता. ऑगस्टची भर दुपार. इराकमधलं आमचं बसरा, नदीपलीकडचं तन्नूमा, तिथली एक गल्ली. घर सांगणार नाही, तिथल्या बाईला त्रास नको.

माझा मामा चासिब, एसीचं काम करतो. दोन वर्षं मी त्याच्या हाताखाली आहे. मामा स्वतः म्हणतो, मुहैमिनच्या, म्हणजे माझ्या, हातात कला आहे, डोक्यात मात्र नुसता जाळ आहे. हा हातच माझं सगळं आहे. शाळेचा कागद नाही माझ्याकडे.

जूनमध्ये बर्फ खरवडताना मी एका घरातल्या एसीची कॉइल, म्हणजे आतल्या थंड नळ्या, भोसकली होती. गॅस सगळा उडाला. तेव्हापासून मामा रोज ऐकवतो. त्या दिवशीही गाडीत सुरू झाला.

"बर्फाला हत्यार लावायचं नाही. बर्फ आपोआप उतरतो. आपण बसायचं, चहा प्यायचा."

"पन्नास डिग्रीत चहा?"

"तुझ्या डोक्यावर किटली ठेवतो. लगेच उकळेल."

दार उम्म हदीलने उघडलं. म्हणजे हदीलची आई. पन्नाशीची बाई, काळे कपडे, बोटांना कांद्याचा वास.

"तुम्ही सांगितलं तसं पहाटेच बंद केलाय एसी," ती म्हणाली. "पण बर्फ तसाच आहे. तीन कारागीर येऊन गेले. तिघांनी गॅस भरला."

खोली मागच्या बाजूला होती. रिकामा पलंग, गादी गुंडाळलेली. उन्हाने भिंती तापल्या होत्या. आत उभं राहिलं तरी घाम पाठीवरून ओघळत होता.

मी एसीचं झाकण उघडलं. जाळ्या काढल्या.

आणि बर्फ...

दोन बोटं जाड. आणि पांढरा नाही. पिवळट. थंड झालेल्या रश्श्यावर मेंढीची चरबी धरते ना, तसा.

मामा बघतच राहिला. "पहाटेपासून बंद? नक्की?"

"चार तास झाले, वीजच नाही," ती म्हणाली.

मामाने मान खाजवली. म्हणाला, मी गच्चीवर जाऊन बाहेरचं मशीन बघतो. "तू फक्त खाली प्लास्टिक बांध, बादली लाव. आणि बर्फाला हात लावू नकोस. ऐकतोयस का, गाढवा?"

"ऐकलं."

मी एसीखाली प्लास्टिकचा मोठा कागद बांधायला लागलो. पाणी भिंतीवर नको, सरळ बादलीत पडावं म्हणून. नेहमीचंच काम.

उम्म हदील एकदम पुढे आली. "प्लास्टिक नको."

"का?"

"नको म्हटलं ना, पोरा."

"मावशी, भिंत खराब झाली तर तुम्हीच ओरडाल."

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्या सासूला प्लास्टिकमध्येच नेलं होतं. याच पलंगावरून."

आणि चहा टाकायला निघून गेली.

मी प्लास्टिक बांधलं.

पंखा बंद. फ्रिज बंद. गल्लीतला जनरेटरही बंद पडलेला. बसऱ्यात अशी शांतता कधी नसते. स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. पण आमच्या धंद्यातली पोरं सगळीच करतात. आमच्या नळाला खारट पाणी. एसीचं पाणी मात्र गोडं. घरोघरी बायका ते साठवतात, केस धुवायला, झाडांना. आणि आम्ही पोरं... उन्हात कॉइलवरचा बर्फ मिळाला की एक तुकडा मानेवर फिरवतो, एक तोंडात टाकतो.

मी तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

खारट.

नळासारखा खारट नाही. कधी ताप आलेल्या माणसाच्या कपाळाचा मुका घेतलाय? तसा. घामट. कोमट. बर्फ असून कोमट!

मी थुंकलो. पण जिभेवर काहीतरी राहिलं होतं. बोटांनी ओढलं... येतच राहिलं. घशातून वर येतंय असं वाटत होतं.

केस. हातभर लांब. अर्धा पांढरा, अर्धा मेंदीने लाल.

मी पलंगाचा पाय धरून ओकलो. नुसतंच पित्त.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. माझं डोकं सटकलं. घाण वाटली की मला रागच येतो. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बर्फात खुपसला.

बर्फ कडकन फुटला नाही.

सोलला गेला.

लांब पट्टी निघाली, मऊ, सुरकुतलेली. फार वेळ पाण्यात राहिलेल्या हाताची कातडी असते तशी. ती माझ्या मनगटाला चिकटली. मी ती झटकायला उजवा हात आत घातला, कॉइलवर टेकवला...

कॉइल मऊ होती.

पत्र्याच्या पात्या, तांब्याच्या नळ्या, काही लागलं नाही हाताला. लागली ती ढिली पाठ. म्हाताऱ्या माणसाची. वर बर्फ आणि खाली अजून थोडी ऊब.

मी हात मागे ओढला आणि पाणी सुटलं.

टप. टप. मग धार.

बादलीत बघतो तर पाणी हिरवं. वर फेस. बुळबुळीत. त्यात तेच लाल-पांढरे केस गोल फिरत होते. आणि वास... हा वास मला माहीत होता. बोरीचा पाला वाटून पाण्यात कालवतात, तो. माझे आजोबा गेले तेव्हा त्यांना धुताना पाणी मीच ओतलं होतं. मेलेल्याला आमच्याकडे तीन पाण्यांनी धुतात. पहिलं बोरीच्या पाल्याचं. दुसरं कापराचं. तिसरं साधं, स्वच्छ. तीन झाली की माणूस सुटला.

मी मनाशी म्हटलं, कुणीतरी पाला टाकला असेल नळीत. कुणीतरी चेष्टा केली असेल.

बादली भरली. मी दुसरी सरकवली.

आवाज थांबला.

पाणी पडतंय, मला दिसतंय. बादली भरतेय. पण आवाज नाही. थेंबाचाही नाही.

आणि मग कापराचा वास आला.

मी त्या बादलीत बघितलं नाही. मी एसीकडे बघत होतो. कारण आतून... अगदी हळू...

"हाऽऽ..."

म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर कुणी पाणी ओतल्यावर तिला बरं वाटतं ना. तसा सुस्कारा.

मागे काच फुटली. उम्म हदील दारात उभी होती, चहाचे पेले जमिनीवर. ती एसीकडे बघतच नव्हती. ती दोन बादल्यांकडे बघत होती. हिरवी. आणि कापराची.

"करोनाच्या साथीच्या वर्षी गेल्या त्या," ती म्हणाली. मला सांगत होती की स्वतःला, कळेना. "रात्री गेल्या. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर एसी फुल लावून ठेवला होता, खराब होऊ नयेत म्हणून. मला हात लावू दिला नाही कुणी. पांढरे कपडे घातलेले पुरुष आले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेले. पाणी नाही... एक थेंब पाणी नाही घातलं सासूबाईंना, तुर्फाबीबीला. आयुष्यभर मला म्हणायच्या, सूनबाई, मला तूच धू."

मग तिने माझा उजवा हात पाहिला. त्याला चिकटलेली ती कातडी.

"तू हात लावलास?"

"मी बर्फ काढत होतो..."

"गार झाल्यावर आणि तिसऱ्या पाण्याआधी हात लावलास?" ती जवळ आली. "आता थांब. एकच पाणी राहिलंय, पोरा. साधं पाणी. बादली मी आणते. तू फक्त उभा राहा. अर्ध्यात सोडू नकोस त्यांना."

मी थांबायला हवं होतं.

दोन मिनिटांचं काम होतं ते. आता कळतंय. पण त्या क्षणी माझ्या दातांत तो केस होता, हातावर ते होतं, आणि ही बाई मला उभा राहा म्हणत होती.

"मी एसीवाला आहे!" मी ओरडलो. "मुडदे धुणारा नाही!"

आणि मी बादलीला लाथ मारली.

कापराचं पाणी सगळ्या खोलीभर झालं. माझ्या पायांवरून गेलं. गार. इतकं गार की ओरडलो. मी पळालो. दारातून बाहेर पडताना मागे एक थेंब ऐकू आला.

टप.

मग काही नाही.

मामा खाली उतरला, आत जाऊन आला. गाडीत बसला आणि किल्ली हातात धरून नुसताच बसून राहिला.

"मामा, कॉइल भोसकली का मी?"

"कॉइल कोरडी आहे," तो म्हणाला. "बर्फ नाही. ओल नाही. भोक नाही." मग नाक वाकडं करून माझ्याकडे बघितलं. "तू कशात हात घातलास रे?"

घरी येऊन आंघोळ केली. आमच्याकडे नियमच आहे, गार झालेल्या मढ्याला तीन पाण्यांआधी हात लागला तर आंघोळ करावीच लागते. खाऱ्या पाण्याने केली. मग विकतच्या गोड्या पाण्याने केली. साबण, लिंबू, शेवटी डिझेल चोळलं हाताला.

काही उपयोग नाही. हात गार. पन्नास डिग्रीत गार. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरी. पाना धरला की सुटतो. तिसऱ्या दिवशी मामा म्हणाला, "तू बस गाडीत, मी करतो." मामा मला शिव्या देत नाही आता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि वास. आधी कापराचा होता. आता त्याच्या खालचा दुसरा यायला लागलाय. वीज गेल्यावर फ्रिजमध्ये तीन दिवस राहिलेल्या मांसाचा. झोपेत हात चुकून तोंडाजवळ आला की मी ओकत उठतो. परवापर्यंत मनगटापर्यंत होतं. आज कोपरापर्यंत आलंय.

उम्म हदीलचे फोन येत होते. मी कट करत होतो. रागाने नाही. किळस यायची. त्या खोलीत परत जायचं, त्या पिवळ्या बर्फात पुन्हा हात घालायचा, या विचारानेच तोंडात तो केस आल्यासारखं व्हायचं.

आज ताटावरून उठलो आणि इथे जिन्यात आलो, तर फोन पुन्हा वाजला. उचलला.

"पुन्हा धरलाय बर्फ," ती म्हणाली. आवाज बसलेला होता. "एसीची वायरसुद्धा कापलीय, तरी धरलाय. मी हात लावून बघितलं, हदीलने बघितलं. आमच्या हातांनी वितळत नाही. विकतचं पाणी आणून ठेवलंय मी. स्वच्छ आहे. प्लास्टिक नाही लावायचं या वेळी. येतोस का रे? तुझ्या पाया पडते."

मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होतो.

कारण तिच्या आवाजामागे दुसरा आवाज होता. दात वाजल्याचा. कुणीतरी ओलं होऊन, अर्धवट ओलं होऊन, कितीतरी दिवस तसंच कुडकुडत बसलंय...

"मावशी, तुमच्या बाजूला कोण आहे?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे खोलीत."

एक पाणी. एक बादली. उभं राहायचं फक्त. मला माहीत नाही त्याने हात सुटेल की नाही. त्या म्हातारीचं काय होईल तेही माहीत नाही. तिसऱ्या पाण्यानंतर मेलेल्याला कफनात गुंडाळतात. ते कोण करणार, हे मी विचारलंच नाही...

वर रुसुल हाका मारतेय. म्हणतेय, जिन्यात पाणी कुठून आलं.

खाली बघितलं. माझ्या बोटांतून येतंय. हिरवट.

निघतो मी आता, नदीपलीकडे.