संचिताची रोजची गोळी

मालवणात यकृत तपासणीचं शिबीर होतं. बरगड्यांवर टेकवलं की यकृत मऊ आहे की घट्ट होत चाललंय ते सांगणारं मशीन गोव्याहून आणलेलं, आणि नेमकी वीज गेली. बाहेर सर कोसळत होती. संचिताच्या शेजारी उन्हानं रापलेला एक तरुण येऊन टेकला. त्याच्या केसांतला थेंब तिच्या मनगटावर पडला.

"चुकलंय मी," तो हसला... आणि तीही हसली.

तो विनीत. पर्यटकांना समुद्रात स्कुबा डायव्हिंगला नेणारा, पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून काकांना घेऊन आला होता. काकांच्या यकृतावर चरबी चढलेली. वजन उतरवा, हेच पहिलं औषध, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

"तू कोणाक घेवन इलंस?"

"आवशीक," ती पटकन म्हणाली. आई तेव्हा जामसंड्याच्या घरात वाट पाहत होती.

यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बीचा विषाणू तिच्या रक्तात लहानपणापासून होता. रोजची गोळी त्याला दाबून ठेवी. तो पुरता घालवणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, पण आज भरवसा गोळीचाच, असं डॉक्टर म्हणत. जमलेलं एक लग्न या आजाराच्या नुसत्या नावानं मोडलं होतं. तेव्हापासून ती कुणाला काही सांगत नसे.

पण विनीत मालवणहून जामसंड्याला काही ना काही निमित्त काढून येऊ लागला. ती शिकवत होती त्या शाळेच्या फाटकापाशी मोटरसायकल थांबली, की तिच्या हातातला खडू उगाच मोडायचा. शेवटी धामापूरच्या तळ्याकाठी तो लग्नाबद्दल बोलू लागला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. खोटं बोलले, हेही.

तो पाण्याकडे पाहत राहिला. तिला एसटीत बसवून दिलं, खिडकीशी क्षणभर घुटमळला — आणि वळला.

मग फोन नाही, निरोप नाही. संचिता वर्गात फळ्यावर तीच बेरीज दोनदा लिहायची. फोन उचलायची, नाव शोधायची, ठेवून द्यायची. त्याचा राग यायचा. त्याहून जास्त स्वतःचा, कारण रस्त्यावर कुठलीही मोटरसायकल वाजली तरी जीव खिडकीशी धावायचा.

एके दुपारी शाळा सुटली, तेव्हा तो फाटकात उभा होता. ती सरळ पुढे निघाली. तो सोबत चालू लागला.

"मी भियालंय गो," तो हळूच म्हणाला. "खोटा कशाक सांगू? म्हणान डॉक्टरांकडे गेलंय."

"मगे?"

"एका ताटात जेवलंव, हात धरलो, तर काय होना नाय, म्हणाले. पोराक जन्मताच लशीची सुई दितत. आणि माका..." त्यानं शर्टाची बाही वर केली. दंडावर कापसाचा बोळा चिकटवलेला. "रक्त तपासून घेतलंय, आज पयली लस घेतलंय. अजून दोन आसत. पयली घेतल्याशिवाय तुका तोंड दाखवचा नाय, असा ठरवलेलंय."

"एक फोन करूक काय झालेला?" तिचा आवाज फाटला.

"चुकलंय." तो या वेळी हसला नाही. "तुझ्या घराक कधी येव?"

तिनं डोळे पुसले. त्याच्या दंडावरचा सुटत चाललेला बोळा बोटानं नीट दाबला... आणि बोट तिथंच राहिलं.

"रविवारी ये," ती म्हणाली. "आवशीक मी आजच सांगतंय."