थांब, भरतंय

गळती शोधायच्या कामाला आम्ही सगळे नवे होतो. तीन रात्री पाइपाला कान लावून हाती काहीच लागलं नव्हतं. चौथ्या रात्री साडेदहाला जलकुंभाच्या ओट्यावर भाकरीची फडकी सोडून बसलो होतो. उत्कर्ष म्हणाला, "आण्णा, हे पाणी भुतंच पितात. त्यांनाच मीटर बसवू या."

अक्षदा हसली. पंचाक्षरी आण्णा हसले नाहीत. तीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढून निवृत्त झालेला माणूस. आमच्या हट्टापायी आमच्यासोबत जागत होता.

"तसं म्हनू नको, लेकरा. माझ्या सोबतीच्या महांतप्पाचं ऐक आधी. मुरुम गावाच्या अलीकडं एक खेडं हाय. नाव सांगत न्हाय."

मग त्यांनी सांगितलं, ते असं.

महांतप्पा त्या गावचा व्हॉल्व्हमन. गावाला आठव्या दिवशी पाणी. दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात टाकी रोज रात्री चार बोटं उतरायला लागली. सगळे व्हॉल्व्ह बंद, तरी. सोमवारपर्यंत गळती सापडली नाही तर बाराव्या दिवशी पाणी, असं साहेबांनी सांगून टाकलं. बारा दिवस म्हणजे अर्धं गाव घागरी घेऊन रानोमाळ फिरणार.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. गुरुवार. महांतप्पा सागाची काठी घेऊन निघाला. काठीचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. गावातले नळ बंद असतात, तेव्हाच गळती ऐकू येते.

सव्वादोनला बारवेकडच्या गल्लीत त्याला आवाज लागला. त्याला हायसं वाटलं. पण लगेच तो चमकला.

"गळती एका सुरात वाजती," आण्णा म्हणाले. "ह्यो आवाज चढत हुता. घागर भरत आली की चढतो, तसा."

चढत चढत काठोकाठ आला. थांबला. मग पुन्हा खालून सुरू झाला.

कुणीतरी एकामागून एक घागरी भरत होतं.

"चोरून नळ घेतला असंल कुणीतरी," उत्कर्ष म्हणाला.

"त्यालाबी तेच वाटलं."

घराघराच्या जोडणीवर काठी टेकवत तो पुढं गेला. आवाज मोठा होत गेला. शेवटच्या घरापाशी सगळ्यात मोठा. त्या घराला कुलूप होतं. नळ कधीच तोडलेला.

ते एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बानूबाईचं घर होतं.

आण्णांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "आमची एक रीत असती. व्हॉल्व्ह बंद करायच्या आधी गल्लीत तीन हाका द्यायच्या. 'बंद करतो!' कुणी 'भरतंय' म्हनलं की तेवढी घागर हुईस्तोवर थांबायचं. पुढं पाणी वाचवायचा हुकूम आला. घड्याळ बघून बंद करा. एका पहाटं म्हातारीनं वो दिली. महांतप्पानं घड्याळ बघितलं... आन् बंद केलं."

अर्धी घागर घेऊन बानूबाई दुपारी बारवेवर गेली. पायरीवरून पाय सरकला. संध्याकाळी सापडली.

आता काठीतून तिच्या घागरी भरत असल्याचा आवाज येत होता.

महांतप्पा गल्लीच्या तोंडाशी परत आला. व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण उचललं. त्यानं स्वतःच्या हातानं घट्ट केलेला व्हॉल्व्ह चार वेढे उघडा होता. त्यानं चावी बसवली. सवयीनं तोंडातून हाक गेली.

"बंद करतो!"

काही नाही.

"बंद करतो!"

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

तिसरी हाक अर्धीच निघाली. "बंद..."

"थांब रं, अप्पा... भरतंय."

अगदी जवळून.

त्यानं मागं पाहिलं नाही. सोमवार आठवला. बारा दिवस आठवले. पुटपुटला, "गावासाठी करतोय, मावशी."

एक वेढा.

"भरतंय..."

दुसरा. उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. जड. गार.

तिसरा. खांदा वाकला. गुडघा जमिनीला लागला.

"थांब की रं..."

चौथा.

मग काही नाही...

सकाळी टाकी एक बोटही उतरली नव्हती. पंचांसमोर बानूबाईचं कुलूप तोडलं. आत धूळ. घागर सोडा, खापरीसुद्धा नव्हती. गावाचं पाणी आठव्या दिवशीच राहिलं. महांतप्पाचा सत्कार झाला.

"नारळ डाव्या हातानं घेतला त्यानं," आण्णा म्हणाले. "उजवा खांदा वर गेलाच न्हाय. आजबी जात न्हाय. काम सोडलं. कुणाशी बोलत न्हाय."

"पडला असेल खड्ड्यात," उत्कर्ष म्हणाला. पण हळू.

"असंल. पण त्या रातीच्या सदऱ्याला खांद्यावर एक ओलं कडं हाय. घागरीच्या बुडाएवढं. त्याच्या बायकोनं, प्रेमाबाईनं, धुतला, पिळला, चैत्राच्या उन्हात टाकला. सगळा सदरा वाळला. तेवढं वाळंना."

"मग टाकून द्यायचा," अक्षदा म्हणाली.

"म्या परवाच जाऊन आलो. दोरीवरच हाय. दोन वर्सं झाली, थेंब थेंब गळतंय. खाली प्रेमाबाईनं बादली ठिवलीया."

"बादली कशाला?"

आण्णांनी आमच्याकडं पाहिलं.

"पाणी वाया जाऊ नये म्हनून."