सुरंगीच्या बाबांचा दम

सुरंगी खवणेकर बारा वर्षांची होती आणि एक प्रश्न तिला तीन दिवस छळत होता.

आडबंदरच्या स्कूबाशाळेत भिंतीवर मोठ्या अक्षरांत पहिला नियम लिहिलेला होता : ‘पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका.’ आणि सुरंगीचे बाबा तर गेली पस्तीस वर्षं रोज सकाळी नेमकं तेच करत आले होते. शिनाणे (खडकाला चिकटून राहणारे हिरवे शिंपले) काढणं हा त्यांचा धंदा. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटून सूर मारायचा, दहा मीटर खाली जाऊन जाळी भरायची आणि त्याच एका दमात वर यायचं. बाबांच्या, म्हणजे भालू खवणेकरांच्या, दमाचं कौतुक आसपासच्या सगळ्या बंदरांत होतं. एवढ्या वर्षांत त्यांना कधी काही झालं नव्हतं. मग नियम चुकीचा होता, की बाबांचं नशीब थोर होतं?

गोष्ट २०६१ सालातली. त्याआधीच्या काही वर्षांत समुद्र दोनदा खूप तापला होता आणि आडबंदरसमोरचे प्रवाळ (लहानशा जिवांनी बांधलेली समुद्रातली दगडी झाडंच जणू) पांढरे पडून मेले होते. प्रवाळ गेले तसे मासेही गेले. आता गावानं टाक्यांमध्ये प्रवाळाची रोपं वाढवली होती आणि प्रत्येक घरानं आपली रोपं आपल्या हातांनी समुद्रतळावर लावायची असं ठरलं होतं. एक रोप नीट बांधायला सहा-सात मिनिटं लागत. एका दमात होण्यासारखं ते काम नव्हतं. म्हणून स्कूबा शिकायचं, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखालीच श्वास घ्यायचा. चौदा वर्षांखालच्या मुलांबरोबर घरातलं एक मोठं माणूस जोडीदार म्हणून हवं होतं. त्यामुळे बाबांनाही मुलीशेजारी बाकावर बसावं लागलं. ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं. कान दुखू नयेत म्हणून नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, टाकीतली हवा पुन्हा पुन्हा तपासायची, जोडीदारापासून हातभरापेक्षा लांब जायचं नाही, हे सगळं ते खिडकीबाहेर बघत ऐकायचे.

शाळा चालवत होते बाबांचे काका. सुरंगी त्यांना अण्णाआजोबा म्हणे. ते समुद्रशास्त्रज्ञ होते आणि साठी उलटली तरी रोज पाण्यात उतरत. त्यांच्या मदतीला ढोमा नावाचा यंत्रमासा होता. त्याला दोन हात होते, कपाळावर दिवा होता आणि पाण्याबाहेर तो स्वच्छ मराठी बोलत असे.

चौथ्या दिवशी सुरंगीनं आपला प्रश्न विचारून टाकला. बाबा लगेच म्हणाले, "खरा आसा तिचा. पस्तीस वर्सा मी दम धरूनच बुडतंय. माका काय झाला?"

अण्णाआजोबा म्हणाले, उत्तर समुद्रावरच दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोघांना होडीत घेतलं. होडीत त्यांनी एक फुगा इतका फुगवला की आणखी एक फुंकर मारली असती तर तो फुटला असता. तो ढोमाच्या हातात देऊन त्याला दहा मीटर खाली धाडलं. होडीतल्या पडद्यावर सुरंगीला दिसत होतं, जसजसा ढोमा खाली जात होता तसतसा फुगा आकसत होता. तळाशी पोचेपर्यंत तो निम्मा झाला. ढोमा वर आला तेव्हा फुगा पुन्हा पहिल्याएवढाच झालेला होता.

अण्णाआजोबांनी समजावलं की आपल्या डोक्यावर हवेचा एक प्रचंड उंच थर आहे आणि त्याचा भार आपण जन्मभर वाहतो. त्यालाच वातावरणाचा दाब म्हणतात. पाणी हवेपेक्षा फार जड. त्या अख्ख्या थराचा जितका दाब, तितकाच आणखी दाब केवळ दहा मीटर पाण्यानं पडतो. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट झाला आणि फुग्यातली हवा निम्म्या जागेत चेपली गेली. वर येताना दाब उतरला, हवा पसरून मूळच्या जागेएवढी झाली.

"म्हणजे बाबांची छाती या फुग्यासारखी," सुरंगी विचार करत म्हणाली. "वर घेतलेली हवा खाली निम्मी होते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. जास्त होतच नाही."

"बरोबर. म्हणून तुझ्या बाबांना काही झालं नाही. आता दुसरा फुगा बघ."

दुसरा फुगा ढोमा रिकामाच घेऊन गेला. दहा मीटरवर पोचल्यावर त्यानं तो टाकीतल्या हवेनं पहिल्या फुग्याइतकाच मोठा केला, त्याचं तोंड बांधलं आणि तो वर निघाला. पडद्यावर फुगा ताणत गेला, त्याचं रबर पारदर्शक दिसायला लागलं, आणि अजून सहा मीटर पाणी डोक्यावर असतानाच तो फुटला. पडद्यावर नुसते बुडबुडे उरले.

सुरंगीनं बोटांवर हिशेब करत आपला विचार मांडला. फुगा खाली भरला, म्हणजे त्यात चेपलेली, दुप्पट दाबाची हवा गेली. वर येताना तीच हवा दुप्पट जागा मागणार. फुग्यात तेवढी जागा नव्हती.

अण्णाआजोबा म्हणाले की रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणून सोडणारं यंत्र) अगदी असंच करतं. भोवतीच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा ते देतं, नाहीतर आपल्याला छाती फुगवताच आली नसती. दहा मीटरवर छाती भरून घेतलेला श्वास वर पोचता पोचता दुप्पट होतो. तोंड उघडं असेल तर जास्तीची हवा बुडबुड्यांतून निघून जाते. मिटलेलं असेल तर ती वायुकोश (फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्या) फाडते, आणि त्यासाठी मीटर-दीड मीटर वर आलं तरी पुरतं.

बाबा होडीच्या कडेवर बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं होतं यात शंका नाही. पण डोक्याला कळलेलं अंगाला कळायला वेळ लागतो.

तो आठवडा शाळेतल्या पाण्याच्या टाकीत सराव करण्यात गेला आणि रविवारी तिघं रोपं लावायला समुद्रात दहा मीटर खाली उतरली. होडी आपली आपण एका जागी थांबली होती. ढोमा दिवा लावून वरच्या बाजूला घिरट्या घालत होता. अण्णाआजोबा आठ-दहा हातांवर पाठमोरे बसून रोपं बांधायची लोखंडी चौकट रोवत होते. सुरंगी आणि बाबा गुडघ्यांवर टेकून रोप बांधायला लागले. पाणी हिरवट आणि शांत होतं. सुरंगीच्या कानात आपल्याच श्वासाचा सूर चालला होता.

तेवढ्यात लाटेच्या हेलकाव्यानं रोपांची ताटली उचलली गेली. तिचा कोपरा बाबांच्या हनुवटीवर आपटला आणि तोंडातला रेग्युलेटर निसटून पाठीमागे गेला. तो परत कसा शोधायचा हे बाबा शिकले होते. पण त्या क्षणी त्यांच्या अंगानं पस्तीस वर्षांची सवय ऐकली. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, तळाला पाय मारला आणि ते वर निघाले. त्यांची छाती नुकतीच भरलेली होती.

सुरंगी हातभर अंतरावरच होती. तिनं त्यांच्या खांद्याचा पट्टा पकडला, पण शिनाणे काढून घट्ट झालेल्या त्या अंगाला अडवणं तिला शक्य नव्हतं. दोघंही वर जायला लागली. मनगटावरच्या खोलीमापकावर नऊ मीटर दिसले. तिनं बाबांच्या जाकिटाची (पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरलेलं जाकीट) दोरी ओढून त्यातली हवा सोडली आणि मग आपल्याही जाकिटातली. वेग कमी झाला. पट्ट्याला धरून स्वतःला ओढत ती त्यांच्या समोर आली.

बाबांचे गाल फुगलेले होते आणि डोळे वरच्या उजेडाला लागलेले होते. तिनं त्यांच्या डोळ्यांवरच्या काचेवर दोनदा टकटक केलं. डोळे खाली आले. मग सुरंगीनं त्यांच्या तोंडासमोर एक लांब श्वास सोडला, आणि बुडबुड्यांची माळ दोघांच्या मधून वर गेली. आपला तळवा तिनं त्यांच्या छातीवर ठेवला.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ किंचित उघडले. एक बुडबुडा बाहेर पडला, पाठोपाठ दुसरा, आणि मग सगळी हवा धो धो बाहेर आली. सुरंगीनं आपल्याकडची पिवळी जादा मुखनळी त्यांच्या तोंडात दिली, बटण दाबून तिच्यातलं पाणी उडवलं आणि त्यांचा पट्टा आणखी घट्ट धरला. बाबांनी श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला. खोलीमापकावर साडेआठ मीटर होते.

अण्णाआजोबा तोवर येऊन पोचले होते. त्यांनी दोघांचे डोळे पाहिले, अंगठा वर केला आणि ‘सावकाश’ अशी खूण केली. पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे ‘वर चला’. तिघं ढोमाच्या दिव्याशेजारून वर निघाली, मिनिटाला नऊ मीटरहून जास्त नाही या बेतानं, एक श्वास घेत आणि एक सोडत. पाच मीटरवर होडीतून सोडलेली दोरी धरून तीन मिनिटं थांबली. ती तीन मिनिटं बाबांनी मुलीचा हात सोडला नाही.

होडीत ढोमानं बाबांना छातीत दुखतंय का, हातपाय बधिर वाटताहेत का, असं सगळं विचारलं आणि त्यांच्या रक्तातला प्राणवायू मोजला. सगळं ठीक होतं. तरी त्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचं नाही आणि संध्याकाळी डॉक्टरांना दाखवायचं, असं अण्णाआजोबांनी बजावलं. सुरंगीला मात्र अजून एक गोष्ट विचारायची होती. श्वास मोकळा झाला होता, तर मग पाच मीटरवर थांबायचं कशाला? आजोबा म्हणाले, दाबाखाली हवेतला नत्रवायू (हवेचा सर्वांत मोठा भाग) रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली झटकन उघडली की फेस उसळतो, हळूहळू उघडली तर वायू गुपचूप निघून जातो. आपलं अंग त्या बाटलीसारखंच सावकाश उघडायचं असतं.

आता बाबा अण्णाआजोबांकडे वळले.

"माका वाटला, वर पोचलंय की सुटलंय," ते सुरंगीकडे बोट करून म्हणाले. "ह्या चेडवान माका तसो वर जावक दिल्यान नाय, म्हणान वाचलंय."

मग त्यांनी सुरंगीचं ओलं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं. सुरंगीला तेव्हा रडू आलं आणि हसूही आलं, आणि कुठलं आधी आलं ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

पुढचे आठ दिवस बाबा शाळेत सगळ्यांच्या आधी येऊन बसले. टाकीत उतरून त्यांनी आपला रेग्युलेटर मुद्दाम तोंडातून काढायचा, बुडबुडे सोडत सोडत तो पाठीमागून शोधायचा आणि परत लावायचा, हे इतक्या वेळा केलं की ढोमानं मोजणं सोडून दिलं. शिनाणे काढणाऱ्या आपल्या बारा सोबत्यांनाही त्यांनी शाळेत आणलं आणि आपलं काय चुकलं होतं ते काहीही न लपवता सगळ्यांसमोर सांगितलं.

नवव्या दिवशी बापलेक पुन्हा खाली गेली. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, समुद्र स्वच्छ होता आणि चौकट भक्कम बसली होती. सुरंगीनं रोप धरलं, बाबांनी दोरा ओढला, आणि दोघांच्या तोंडून निघालेले बुडबुडे एकाच लयीत वर जात राहिले. एकामागून एक त्यांनी सात रोपं लावली. सातव्याची गाठ सुरंगीनं मारली. ते रोप तिच्या करंगळीएवढं होतं. अण्णाआजोबांनी सांगितलं होतं की पाणी फार तापलं नाही, तर ती त्यांच्या वयाची होईल तेव्हा त्याचं माणसाएवढं झुडूप झालेलं असेल.

तिनं हात मागे घेतला, तोच कुठूनसा नखाएवढा निळा मासा आला. तो रोपाभोवती एकदा फिरला, थबकला, आणि फांद्यांच्या बेचक्यात शिरून तिथेच राहिला.