बाटली क्रमांक एकेचाळीस

प्रयोगशाळेचा नियम साधा होता. बाटलीवर फक्त आकडा, माणूस दाराबाहेर. पण त्या दिवशी वॉर्डचा शिपाई रजेवर होता, म्हणून सिस्टरने आईच्या छातीतून काढलेलं पाणी मुलाच्याच हाती पाठवलं.

"तिथेच थांबा," संशोधक मुलगी म्हणाली. "बाहीवर भुसा आहे."

"सुतार आहे. झाडून येऊ?"

"नको. बाटली द्या आणि जा."

बाटली दिली. गेला मात्र नाही.

त्या पाण्यात आईच्या कर्करोगाच्या पेशी होत्या. रोग स्तनातून फुप्फुसापर्यंत पोचला होता आणि जुन्या औषधाला पुरून उरला होता. कसा, हेच ती मुलगी शोधत होती. दर दोन दिवसांनी पेशींना गुलाबी खाद्य घालायचं, नव्या औषधाची मात्रा थोडी वाढवायची आणि कोण तगतं ते बघायचं.

दर दोन दिवसांनी सुतारही दारात हजर.

"आमच्या मातोश्री काय म्हणतात?"

"हट्टी आहेत."

"मला सांगता? पस्तीस वर्षं सोसतोय."

"हे संशोधन आहे, निदान नाही. इथलं वॉर्डात न्यायचं नाही."

"बरं. तुम्ही जेवलात का, हे विचारलेलं चालेल?"

ती हसू गिळायची… पण खाद्याच्या दिवशी वेणी नीट घालून यायची. टोपीखाली ती कोणाला दिसणार होती, देव जाणे.

वॉर्डात आईचं लक्ष चोख. "बाटली एकदाच द्यायची होती ना रे? मग सारखं काय पोचवतोस?" मग तिला धाप लागायची. "मला घरी ने. माझ्या खिडकीपाशी."

"नवं औषध सुरू झालंय, आई. थोडं थांब."

तिसऱ्या आठवड्यात मुलीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. वॉर्डात आईला चालू असलेल्या त्याच नव्या औषधात बुडूनही पेशी गच्च पसरल्या होत्या, टवटवीत. औषधाला न जुमानणाऱ्या अशाच पेशी तिला वर्षभर हव्या होत्या. तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले.

"काय म्हणतात मातोश्री?" दारातून आवाज आला.

तिने सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.

"हट्टी म्हणा की."

"मला… सांगता येत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नका सांगू. तुमची आई असती तर—?"

"घरी नेलं असतं," ती म्हणाली. "आजच."

आई नऊ दिवस खिडकीपाशी होती.

महिन्याने तो आला, बाह्या झाडून. "त्या पेशी आहेत अजून?"

"आहेत. त्यांच्यावरच काम चाललंय." तिने खुंटीवरचा पांढरा कोट त्याच्यापुढे धरला. "आत या."

इनक्युबेटर उघडला तशी अंगाइतकी ऊब तोंडावर आली. तो सूक्ष्मदर्शकावर वाकला.

"ह्यांनीच नेलं तिला."

"हो."

"आणि तिचं जिवंत असं एवढंच उरलंय." तो बराच वेळ वाकूनच होता. "तुम्हाला एकदा बघायचंय म्हणाली होती. मी म्हटलं, अजून विचारलं नाही."

"मग… विचारायचंत."

"आज खाद्याचा दिवस ना?"

"हो."

"घाला," तो म्हणाला. "मी थांबतो."