लिंबाजीचा अर्धा दोर

कंदील जवळ घ्या अन् बसा. ही उडती खबर नाही, पोरांनो. रायभान नावाच्या माझ्या ओळखीच्या माणसावर गुजरलेली.

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे बावन्न, वैशाखातली अवस. मानवतहून डबे घेऊन मी जिंतूरकडच्या डोंगरात मध आणायला गेलो होतो. तिथल्या घारीच्या सुळक्यावर चढायची वाट एकच. आधी घळ, मग कातळात खोदलेल्या बोटभर खाचा. ती मध काढणाऱ्या लिंबाजीच्या घराण्यालाच ठाऊक. माथ्यावरून दोरानं लोंबकळून आग्या मोहोळ काढायचं, तेही अंधाऱ्या रात्री. अन् वर दोर धरायचा बायकोच्या भावानंच. बहिणीचं कुंकू मुठीत असल्यावर तो दगा देईल कसा?

म्हणून लिंबाजीनं आदल्या साली मेहुण्याला, भुजंगला, वाट दाखवली. त्याच रात्री दोर तुटला. "खडकाला घासला वो!" भुजंग रडला. कमरेचा अर्धा दोर लिंबाजीसंगं सरणावर जळाला. मी जन्मभर पोती बांधली; घासलेल्या दोराला धागे सुटून दाढी फुटते. ह्याचं टोक विळ्यानं छाटलेलं. मी बघितलं, अन् गप बसलो. पुढचा मध भुजंगच देणार होता ना!

"शेटजी, डबे मोठे आणले ना?" म्हणत त्या अवसेला भुजंग हसत चढला. दोर धरायला त्याचा मेहुणा रायभान. मी पायथ्याला थांबलो. वरचं रायभाननं मागून सांगितलं.

दोराचं एक टोक अंजनाच्या झाडाला बांधलेलं. रायभान मोजून सोडत गेला.

"दाजी, जपून. बहीण वाट बघायलीय."

"लय बोलतूस. सोड!"

अडतीस हात... चाळीस. दोर ताणला. थांबला.

"दाजी, दोर संपला."

खालून आवाज आला, "मग मी खाली कसा जायलोय?"

रायभाननं ओढलं. दोर हलेना.

"वढ रे! वढ!" आवाज आणखी खोल.

मग भुजंग दुसऱ्याच कुणाशी बोलू लागला. हळू.

"दाजी... चुकलो... दाजी..."

भुजंगला दाजी एकच. बहिणीचा नवरा. लिंबाजी.

मग... काहीच नाही. दोर हलका झाला.

उजाडता भुजंग सापडला, लिंबाजी पडला होता त्याच धोंड्यावर. कमरेला दोर नव्हता.

रायभाननं वर ओढलेला दोर आणून माझ्यापुढं टाकला. मी हातानं मोजला. चाळीस हात नवा. टोकाला गाठ. गाठीपुढं जुना, काळा दोर... गाठीतून डोकावणारं त्याचं टोक सरळ छाटलेलं.

मी हात काढला. तळहाताला राख.

ऊन राख.