बोटीवरचं सासर

उजनीचं पाणी उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ हळूहळू डोकं वर काढतं आणि ते बघायला होड्यांना गर्दी होते. चार वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात, अशाच एका होडीत सौरभच्या शर्टाची बाही कुणीतरी घट्ट धरली.

त्यानं वळून पाहिलं. शेजारी एक अनोळखी मुलगी डोळे गच्च मिटून बसली होती. होडी जरा कलली, की बाही आणखी आवळली जायची.

"भ्या वाटतंय?" त्यानं विचारलं.

"नाही," डोळे न उघडताच ती म्हणाली.

"मग बाही सोडा की."

"नाही!"

होडीतली सगळी माणसं हसली. काठ आल्यावर सौरभ म्हणाला, "पोचलो आपण. आता सोडली तरी चालंल."

तिनं आधी एकच डोळा उघडला, कोरडी माती दिसल्याची खात्री केली आणि मान मागं टाकून अशी खळखळून हसली, की देवळावरचे बगळे उडाले. सौरभचं चित्तही त्यांच्याबरोबर उडालं. बगळे संध्याकाळी परतले असतील. चित्ताचं काही सांगता येत नाही.

ती अश्लेषा. बारामतीची, श्रीपादरावांची मुलगी, एका दवाखान्यात नर्स. हा काटेवाडीचा, गायी आणि ऊस सांभाळणारा. दूध डेअरीवर घालून घरी जाताना त्याचा रस्ता आता दवाखान्यावरून जायला लागला. वास्तविक दवाखाना अगदी उलट्या बाजूला होता, पण प्रेमात पडलेल्या माणसाला दिशा कोण विचारतो?

लग्न झालं. अश्लेषा काटेवाडीत आली, वर्षभर नांदली. आणि एके दिवशी तिच्या हातात नोकरीचं बोलावणं आलं. प्रवासी जहाजावरची नर्स!

"अगं, पर तुला पान्याचं भ्या वाटतंय ना?"

"वाटतंय. म्हणूनच जायचंय."

सौरभ "जा" म्हणाला. म्हणताना छाती चांगली फुगली होती. पण ती गेली, घर रिकामं झालं, आणि छातीतली हवाही निघून गेली. डेअरीवर रांगेतले लोक चिमटे काढायचे, "काय सौरभराव, मालकीण बोटीवर आन् मालक गोठ्यात?" तोही हसायचा. मग घरी येऊन गायींशी फारसं बोलायचा नाही.

दुसऱ्यांदा जहाजावर गेल्यावर अश्लेषानं कळवलं, की जहाजावरच्या नर्सला अधिकाऱ्याचा मान असतो आणि तिच्या नवऱ्याला काही आठवडे सोबत राहता येतं. येतोस?

आई, कुशाबाई, पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरता भरता म्हणाली, "जा. पर येताना तिला घिऊनच ये. बास झालं आता."

चुलतभाऊ दीपकवर गोठा सोपवून सौरभ निघाला. चटणीसोबत आईचं ते वाक्यही त्यानं बरोबर घेतलं. खरं सांगायचं, तर वाक्य त्याचंही होतं.

स्पेनच्या बंदरात तो जहाजावर चढला आणि पहिल्या रात्रीच समुद्र खवळला. सौरभचं पोट आणि जग एकदमच गरगरलं. अश्लेषानं त्याला गोळी दिली, कपाळावर ओला रुमाल ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "बाही सोडतोस का? मला कामावर जायचंय."

"न्हाय," डोळे न उघडता सौरभ म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं ऐषारामाचं आयुष्य सुरू झालं. पोहायचे तलाव, संध्याकाळी नाचगाणी, खाण्याची तर जत्राच. काम मात्र काडीचं नाही. अश्लेषा सकाळी पांढऱ्या गणवेशात जायची ती संध्याकाळी यायची, आणि हा गळ्यात ओळखपत्र अडकवून हिंडायचा. कुठं जायचं, कुठं नाही, याचे नियम होते. हे दार प्रवाशांचं, ते कामगारांचं. सौरभ दोन्हींच्या मधला. बसावं तर एवढ्या खुर्च्यांत आपली कुठली ते कळेना. उभं राहावं तर कुणीतरी विचारायचं, "काही हवंय का?"

एकदा जेवण झाल्यावर त्यानं सवयीनं ताट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं निघाला. वाढपी धावतच आला. जेवण आवडलं नाही का, तक्रार करायची आहे का? सौरभनं मोडक्या इंग्रजीत समजावलं, की फक्त धुवायचं होतं. वाढपी आणखीच घाबरला. शेवटी दोघांनी दोन्हीकडून ताट धरलं आणि एकमेकांकडं बघून कसनुसं हसले.

त्या दिवसापासून जेवण झालं, की आपल्या हातांचं काय करावं, हे त्याला कळेनासं झालं. लोक त्याला नावानं ओळखत नव्हते. "नर्सचा नवरा," एवढीच ओळख. सगळ्यांशी गोड बोलायचं, त्यांच्या वेळेला जेवायचं, त्यांच्या पद्धतीनं बसायचं... आणि दिवसभर दाराकडं डोळे, आपलं माणूस कधी येतंय म्हणून.

अशाच एका दुपारी त्याला एकदम आठवलं. लग्नानंतरचे पहिले दिवस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ताट घेऊन उभी असलेली अश्लेषा. आधी बसावं, का पुरुषांचं होईपर्यंत थांबावं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं डोळ्यांनी त्यालाच विचारलं होतं. आणि तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता.



गायींच्या धारांच्या वेळेला त्याला जाग यायचीच. पहाटे तो डेकवर जाऊन उभा राहायचा. कठड्यापलीकडं पाणीच पाणी, वाऱ्याला मिठाचा वास. दुसऱ्या दिवशी अश्लेषा दोन कप चहा घेऊन मागोमाग आली.

"गायी आठवतात?"

"व्हय. आनि ह्या चहातलं दूध बघून तर लईच आठवत्यात."

ती गालात हसली. वाऱ्यानं तिचे केस त्याच्या खांद्यावर उडत होते, आणि ती ते मुद्दाम आवरत नव्हती.

"आशू, एक सांगू? मी हितं नांदायला आलोय गं. नव्या नवरीवानी. बसू का, उभं ऱ्हाऊ का, कुनाला काय म्हनू... अन् तू यायच्या वेळेला केस इंचरून बसतो!"

अश्लेषानं मान मागं टाकली आणि हसत सुटली. खळखळून, पोट धरून. कठड्यावरचे समुद्रपक्षी भर्रकन उडाले.

सौरभ बघतच राहिला. हेच ते हसू. याच्यावरच तर तो भाळला होता. पण काटेवाडीच्या घरात वर्षभर ते त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. तिथं ती हसायची, पण तोंडावर हात ठेवून.

तिचं हसू ओसरलं. "आल्यापासून एक वाक्य तोंडात घोळवतोयस. बोलून टाक, नाहीतर गिळून टाक."

"आईनं सांगितलंय... तुला घिऊनच ये."

"आणि तू?"

"मला बी तेच वाटत व्हतं. बोटीत चढूस्तवर."

ती पाण्याकडं बघत राहिली. "तू म्हणालास तर येईन, सौरभ. नोकरी सोडून येईन, खरंच. पण मग तू म्हणालास म्हणून आलेली बायको तुला मिळेल. चालेल?"

वारा मध्येच पडला. सौरभनं चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाय," तो म्हणाला. "तसली नको. घर खायला उठतंय तुझ्याबिगर. गायीला हाक मारताना तुझं नाव येतंय तोंडात, दीपक हसतोय मला. पर तू हसू हितं ठिवून येनार असलीस, तर... मला होडीतली पायजे. बाही धरनारी आन् मोठ्यांदा हसनारी. ती कवा यायची तवा येऊ दे. मी हाय."

अश्लेषाचे डोळे भरले. तिनं त्याच्या बाहीला हळूच चिमटीत धरलं. "हे काम संपलं की येईन. पुढचं घरी येऊन ठरवीन. पण मला त्या घरात पाहुणी व्हायचं नाही, आणि जन्मभर नवी नवरीही नाही."

"मला आता कळतंय त्ये," सौरभ म्हणाला. आणि नर्सच्या नवऱ्यानं पहिल्यांदाच, कुणी बघतंय का याची पर्वा न करता, नर्सला जवळ घेतलं.

तो एकटाच परतला, तेव्हा कुशाबाई गोठ्यात होती. "आनली न्हाईस?"

"न्हाय, आई." आणि मग गव्हाणीच्या कडेला बसून त्यानं तिला सगळं सांगितलं. बसायला जागा न सापडल्याचं, ताटाचं, दाराकडं डोळे लावून बसल्याचं. कुशाबाईचे हात धार काढता काढता थांबले. गाय वळून बघायला लागली.

"मी नवी आले तवा," ती म्हणाली, "कुटं बसायचं मला कुनी सांगितलं न्हाय. ज्वारीच्या पोत्यावर बसायची मी. कितीक महिनं." आणि पुन्हा धार काढू लागली.

काम संपवून अश्लेषा आली, तेव्हा बारामतीच्या एसटी स्टँडवर सौरभबरोबर कुशाबाईही हजर होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. "सुनंला आनायला सासरचं मानूस जातंच की," एवढंच तिचं म्हणणं.

अश्लेषा सासूला बघून गडबडली. बॅग खाली ठेवून पाया पडली.

"परत कवा जायाचं?" कुशाबाईनं विचारलं.

अश्लेषानं एकदा सौरभकडं पाहिलं. "दिवाळीनंतर जावं म्हणते, आई. पण तुम्ही..."

"जा की. फकस्त एक इचारून ये." कुशाबाईनं आवाज खाली आणला. "त्या बोटीवर सासवांना घेत्यात का?"

अश्लेषाला हसू फुटलं. सवयीनं हात तोंडाकडं गेला. कुशाबाईनं तो मनगटाला धरला आणि खाली ओढला.

"ऱ्हाऊ दे गं. हस."

आणि अश्लेषा हसली. मान मागं टाकून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी. इंदापूरच्या गाडीतली माणसं खिडकीतून वाकून बघायला लागली. कंडक्टरही विनाकारण हसला. कुशाबाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं आणि मग तीही हसू लागली, पदर तोंडाला न लावता.

सौरभनं बॅग उचलली. गर्दीतून वाट काढताना त्याची बाही मागून घट्ट धरली गेली.

"जमिनीवर हायेस गं," तो न वळता म्हणाला. "सोडली तरी चालंल."

"नाही," ती म्हणाली.