विनंतीबटण

बटण फिरवलं की आवाज वाढतो, असं लोक अजूनही म्हणत. खरं तर ते खोटं होऊन पंधरा वर्षं झाली होती. जुन्या यंत्रांत आवाजाचा विद्युतप्रवाह बटणाच्या आतूनच जायचा. बटण फिरवलं की त्याची वाट अरुंद किंवा रुंद व्हायची. मध्ये कोणी नसे. नव्या यंत्रांतलं बटण नुसता एक आकडा कळवायचं आणि आवाज किती सोडायचा ते आतली प्रणाली ठरवायची. त्या प्रणालीचं नाव सूत्रधार. अशा बटणांना साउंडवाले थट्टेनं विनंतीबटणं म्हणत.

तेजल भोकरेनं या थट्टेकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. इचलकरंजीपासून कराडपर्यंत हळदीला डीजे म्हटलं की तिचंच नाव निघे. तिचा आवाज कानाला टोचत नाही, असं म्हाताऱ्या बायकाही सांगत. सूत्रधार घडवणाऱ्यांपैकी एक असलेला तिचा नवरा उन्मेष प्रत्येक कार्यक्रमाला सोबत असायचाच.

कराडच्या एका हळदीत भर दुपारी तिच्या यंत्रातला सूत्रधार बंद पडला. उन्मेष दुसरं यंत्र आणायला गाडीकडे गेला. नवरीकडची मंडळी ताटकळली होती, म्हणून हॉलच्या व्यवस्थापकानं कपाटातला जुना मिक्सर काढून दिला. फोनसाठी, बोलण्यासाठी सगळेच कानात घालत ती घेवड्याच्या बीएवढी कर्णिका तेजलनं काढून ठेवली, मिक्सरचा हेडफोन चढवला आणि गाणं लावलं.

आवाज फारच बारीक होता. तिनं बटण फिरवलं, आणखी फिरवलं. झांजा कुठे ऐकूच येईनात, म्हणून त्यांचंही बटण शेवटापर्यंत नेलं. आता कुठे गाणं गाण्यासारखं वाटलं.

तिनं मान वर केली. नवरीनं हळदीच्या हातांनीच कान झाकले होते. एक बाई रडणारं तान्हं छातीशी धरून बाहेर धावत होती.

तेवढ्यात उन्मेष धावत आला. त्यानं तिच्याकडे न पाहता दोन्ही बटणं मागे फिरवली. तेजलच्या कानांतलं गाणं विझून गेलं आणि समोरची माणसं नाचू लागली.

ती माणसं कशावर नाचताहेत, ते तिला कळेना.

तिनं त्याला हॉलमागे नेलं आणि कर्णिका घातली.
"हे काय आहे, उन्मेष?"
"चार वर्षांपूर्वी सूत्रधारानं मला दाखवलं. तू झांजा दर महिन्याला थोड्या वाढवत होतीस. तुझे कान जात होते."
"आणि तू बोलला नाहीस."
"तू काम सोडलं असतंस. मी फक्त दोन वाटा केल्या. हॉलला जायचा तो आवाज सूत्रधार ठरवायचा, आणि तुझ्या हेडफोनमध्ये तुला बरोबर वाटेल तितका वाढवून द्यायचा."
"म्हणजे माझ्या बटणांनी काहीच होत नव्हतं?"
"हॉलमध्ये नाही."

लोकांनी नावाजलेला तो न टोचणारा आवाज कोणाचा होता, हे तिनं विचारलं नाही.

"तेव्हाच हेडफोन सोडला असता तर?" तिनं विचारलं.
"उरलेलं ऐकू येणं टिकलं असतं. वाढवलेल्या आवाजानं ते गेलं. इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं."
"घरी मला सगळं ऐकू येतं."
"कर्णिकेतही सूत्रधारच आहे. रात्री तू ती काढलीस की मी बोलायचं टाळायचो."

ती रात्रीची शांतता तेजलला त्याच्या थकव्याची वाटे. कितीदा तिनं त्याच्या अंगावर पांघरूण घातलं होतं.

तिनं कर्णिका काढून मुठीत धरली.
"आता बोल," ती म्हणाली.

उन्मेषचे ओठ हलले. तो काहीतरी कळवळून सांगत होता, डोळे भरून आले होते. तिच्यापर्यंत पोचला तो शब्दांविना एक दूरचा घुमारा. चार वर्षांत पहिल्यांदाच ती आपल्या नवऱ्याचा आवाज, मध्ये कोणी नसताना, ऐकत होती. तो तिच्या ओळखीचा नव्हता.